काझी नझरुल इस्लाम ढाक्यातच का दफन झाले? : पार्श्वभूमी

‘बिद्रोही’ ही कविता, ‘धूमकेतू’ हे नियतकालिक, राजद्रोहाची शिक्षा आणि तुरुंगातले उपोषण हा बंगाली कवी नझरुल यांच्या आयुष्याचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. जन्म १८९९चा, आजच्या पश्चिम बंगालमधल्या, बर्दवान जिल्ह्यातल्या चुरुलियाचा. पहिल्या महायुद्धात फौजेत भरती झाल्यावर तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत त्यांचा मुक्काम होता. त्यांचे दफन जन्मगावी चुरुलियात न होता ढाक्यात का झाले, या आजच्या वादाचे मूळ मात्र १९४२मध्ये आहे. त्या वर्षी आजाराने त्यांची वाचा गेली. वय अवघे ४३. पुढे रांची, लंडन, व्हिएन्ना इथे उपचार झाले, गुण आला नाही. त्यानंतरचे त्यांच्याविषयीचे सगळे निर्णय इतरांनी घेतले.

फाळणीनंतर ते कोलकात्यातच राहिले. १९६०मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दोन वर्षांनी पत्नी प्रमिला गेल्या. त्यांचे दफन चुरुलियात झाले. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारच्या विनंतीवरून, भारताच्या संमतीने, २४ मे १९७२ रोजी, म्हणजे वाढदिवशीच, त्यांना कुटुंबासह ढाक्यात नेण्यात आले. हा मुक्काम तात्पुरता होता, असे पश्चिम बंगालमध्ये अनेक जण आजही मानतात. ऑगस्ट १९७५मध्ये ढाक्यात सत्तेवरच्या नेत्याची हत्या झाली, राजवट बदलली. १९७६च्या सुरुवातीला नझरुल यांना बांगलादेशचे नागरिकत्व देण्यात आले. सन्मान मोठा खरा, पण होकार-नकार सांगण्याची शक्ती हरवलेल्या माणसाला तो दिला गेला, हे विसरता येत नाही.

२९ ऑगस्ट १९७६ रोजी ते वारले आणि त्याच दिवशी ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांचे दफन झाले. थोरला मुलगा भारतातून पोहोचला तोवर सारे उरकले होते. कबरीची माती घेऊन तो परतला. ती चुरुलियात आईच्या कबरीपाशी ठेवली गेली.

दफनाच्या समर्थनार्थ त्यांच्याच एका गाण्याचा आधार दिला जातो. मशिदीशेजारी कबर द्या, म्हणजे कबरीतूनही अजान ऐकू येईल, अशी त्यात विनवणी आहे. पण कालीमातेची श्यामासंगीते लिहिणाराही हाच कवी. त्याच्या एकाच गाण्याला मृत्युपत्र ठरवणे पटत नाही. शिवाय मशिदी चुरुलियाच्या परिसरातही आहेत. मुलासाठी काही तास थांबणे अशक्य होते, असे मानायला आधार दिसत नाही.

बांगलादेशात त्यांना राष्ट्रकवी म्हणण्याचा प्रघात १९७२पासूनचा. त्याची सरकारी अधिसूचना डिसेंबर २०२४मध्ये निघाली.