टोचणारा ‘स’

आत्याचं वय ७८. जात्यावर दळताना म्हटलेल्या ओव्या तिला अजून तोंडपाठ आहेत. त्या टिपून ठेवायच्या म्हणून मी एक स्वस्तातला कंडेन्सर माइक घेतला, तिच्या माजघरात गोधड्या टांगल्या आणि पहिल्या चार ओव्या रेकॉर्ड केल्या. ऐकवल्या तेव्हा तिनं हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. “असा किरकिरा आहे का रे माझा आवाज?”

नाही, तिचा आवाज किरकिरा नाही. कवळीमुळे तिचा ‘स’ थोडी शीळ घालतो, इतकंच. समोर बसून ऐकताना तेही जाणवत नाही. माइकनं मात्र तो ‘स’ सुईसारखा टोकदार केला होता. हातातल्या काचेच्या बांगड्या तर फुटल्यासारख्या वाजत होत्या. हे असं का होतं, याचा शोध घेताना मी माइकच्या पोटात शिरलो, आणि तिथं जे सापडलं ते मला फार सुंदर वाटतं.

कंडेन्सर माइकचं काळीज म्हणजे त्याची कॅप्सूल. मोठ्या माइकमध्ये ती जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, साधारण ३४ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यावर प्लास्टिकचा ताणलेला पडदा असतो, जेमतेम ३ ते ६ मायक्रॉन जाडीचा, वर सोन्याचा मुलामा. आपला केस याच्या दहापटीहून जाड. पडद्यामागे अगदी जवळ भोकं पाडलेली धातूची चकती असते. दोघं मिळून एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, होतो. आवाजानं पडदा हलला की मधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा दाबही बदलतो. हा बदलता दाब म्हणजेच आपला आवाज.

आता तो ३४चा आकडा लक्षात ठेवा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या (सेकंदाला १०,००० वेळा कंप पावणाऱ्या) आवाजाची एक लाट भरते जवळपास ३४ मिलिमीटर, कॅप्सूलच्याच मापाची. ओढ्यात रोवलेल्या काठीला पाणी सहज वळसा घालून जातं, पण आडव्या भिंतीवर आपटलं की उसळतं. आवाजाचंही तसंच. २०० हर्ट्झची लाट पावणेदोन मीटर लांब. तिच्यापुढे कॅप्सूल म्हणजे काठी. १०,००० हर्ट्झच्या लाटेसमोर तीच कॅप्सूल भिंत होते. लाट परत फिरते, पडद्यासमोर दाब साचतो आणि जवळजवळ दुपटीला जातो. त्यामुळे समोरून येणारे बारीक, धारदार, म्हणजे उंच पट्टीचे आवाज कॅप्सूल वाढवूनच घेते. माइकच्या दर्जाचा यात काही दोष नाही. आकाराचा आणि लाटेचा हा हिशेब आहे.

आणि मराठीला या हिशेबाची झळ जरा जास्तच बसते. ‘चहा’मधला च आणि ‘चोर’मधला च एकदा सावकाश म्हणून पाहा. दुसऱ्यात जीभ दातांना लागते आणि हवा फटीतून फसकन सुटते. ‘चांगला’, ‘चूक’, ‘चमचा’ या शब्दांतही हाच दंत्य च. हवेच्या या फसफशीची ताकद ५,००० हर्ट्झच्या वरच्या भागात असते. ‘स’चं घरही तिथंच.

मग भारी माइक का टोचत नाहीत? इथं बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा इतिहास कामाला येतो. १९६० मध्ये त्यांनी यू ६७ हा माइक आणला. त्याच्या के ६७ नावाच्या कॅप्सूलमध्ये वरच्या पट्टीत चढ होता, म्हणजे बारीक आवाज वाढून येत, आणि तो अभियंत्यांनी जाणूनबुजून राहू दिला होता. कारण पुढच्या सर्किटमध्ये त्यांनी तेवढाच उतार बांधला होता: बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून मागे वळवायचा, म्हणजे वाढलेले बारीक आवाज आपोआप दबतात. १९६७च्या यू ८७मध्येही हीच युक्ती आहे. चढ आणि उतार एकमेकांना फेडतात, आणि त्यात एक जादा फायदा मिळतो. उतार लागतो तेव्हा सर्किटची स्वतःची सूं सूं खरखरही त्याच्याबरोबर खाली जाते. एफएम रेडिओ हेच करतो: प्रक्षेपण करताना बारीक आवाज वाढवायचे, आपल्या रेडिओत ते तितकेच कमी करायचे, म्हणजे वाटेत मिसळलेली खरखर दबते.

आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त माइकमध्ये के ६७च्याच धर्तीची कॅप्सूल असते. सर्किट मात्र शोप्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या लहान माइकच्या धाटणीचं. ते सर्किट उत्तम आहे, आणि ते सपाट आहे, कारण त्याच्या मूळ कॅप्सूलला उताराची गरजच नव्हती. म्हणजे चढ एका घरचा घेतला, उतार तिथंच राहिला. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या. एकत्र आल्या की ‘स’ टोचतो. माझा माइक उघडला तेव्हा आत नेमकी हीच जोडी होती.

उघडण्याआधी एक सांगतो. निम्मं काम माइकला हात न लावता होतं. तोंडासमोर सरळ धरलेला माइक वीस-तीस अंश तिरपा केला की बारीक लाटा पडद्यावर सरळ आपटत नाहीत आणि धार लगेच कमी होते. हे आधी करून पाहा. मी केलं, फरक पडला, पण ओवी रंगात आली की आत्या मान हलवते आणि पुन्हा माइकच्या समोर येते. तिला ‘हलू नकोस’ म्हणणं मला जमेना.

तळाची रिंग फिरवली की माइकची बाहेरची नळी निघते. त्याआधी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, बंद करून, केबल काढून काही मिनिटं थांबायचं. (हा ४८चा आकडा नॉर्वेतून आला. १९६६ मध्ये तिथल्या सरकारी रेडिओसाठी नॉयमननं माइक बनवले. स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, तीच माइकला वापरली.) आत हिरव्या बोर्डावर एका ठिकाणी तुम्हाला एफईटी, म्हणजे क्षीण सिग्नलला बळ देणारा तीन पायांचा ट्रान्झिस्टर, दिसेल, आणि त्याचा एक पाय बोर्डाला न टेकता हवेतच जोडलेला असतो. तो निष्काळजीपणा नाही. कॅप्सूलमधून येणारी वीज इतकी क्षीण असते की तिला १०० कोटी ओमचा रोध लागतो. तिथं बोटाचा तेलकट ठसा किंवा सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स राहिला तरी वीज त्यातून झिरपते आणि माइक तडतडतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कंडेन्सर माइक तडतडतात ते याचमुळे. त्या भागाला अजिबात हात लावायचा नाही, आणि पडद्यावर फुंकर तर चुकूनही मारायची नाही.

आपलं काम एफईटीच्या दुसऱ्या दोन पायांशी, ड्रेन आणि सोर्सशी. या धाटणीच्या सर्किटमध्ये त्या दोन पायांवर एकच आवाज असतो, पण एकमेकांच्या उलट: एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. त्यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर जोडला की जाडे, खालच्या पट्टीतले आवाज त्यातून जाऊ शकत नाहीत, ते जसेच्या तसे राहतात. बारीक आवाजांना मात्र वाट मिळते, आणि उलटसुलट असल्यामुळे ते एकमेकांना थोडे विझवतात. हरवलेला उतार परत आला, दोन टाक्यांत.

किती मोठा कपॅसिटर? हे एफईटीवर अवलंबून असतं, म्हणून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तीन मापं आणली. प्रत्येक जोडून एकच वाक्य रेकॉर्ड केलं: “सकाळी साखर सांडली आणि चमचाच सापडेना.” ४७२ छापलेला, म्हणजे ४.७ नॅनोफॅरडचा, लावला; फरक शोधावा लागला. २२३चा, म्हणजे २२ नॅनोफॅरडचा, लावल्यावर आवाज गोधडीखालून आल्यासारखा झाला, ‘स’ आणि ‘श’ ओळखू येईनात. १०३, म्हणजे १० नॅनोफॅरड. साखर साखरेसारखी सांडली. तोच ठेवला. घेताना फिल्मचा कपॅसिटर मागा. साधा सिरॅमिक स्वस्त असतो, पण त्याची क्षमता विजेच्या दाबाबरोबर बदलते, आणि कित्येकांवर टिचकी मारली तर ती टिचकीही रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते.

कॅप्सूलभोवतीच्या जाळीचंही पाहिलं. स्वस्त माइकमध्ये ती दोन-तीन पदरी, दाट असते. आवाज आतल्या आत आपटून पडद्यावर दुसऱ्यांदा येतो. आतला बारीक पदर काढला की आवाज मोकळा होतो असा अनेकांचा अनुभव आहे. मी काढला नाही. आत्याच्या घरी चूल आहे, राख उडते, आणि तो पदर पडद्याचं धुळीपासून रक्षण करतो.

संगणकावर इक्वलायझरनं हे झालं नसतं का? बरंचसं झालं असतं, आणि ज्याला सोल्डरिंगची सवय नाही त्यानं खुशाल तेच करावं. पण मला रेकॉर्ड केल्या केल्या, तिथंच बसून, आत्याला तिचा आवाज ऐकवायचा होता.

पुढच्या खेपेला हेडफोन घालून तिनं पूर्ण ओवी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाली, “दुसऱ्या ओळीत शब्द चुकला माझा. परत घे.”