मुलीचा अभिमान वाटतो, 'मुलीवर गर्व' नसतो

'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'संसार' तिकडे जग, इकडे घरप्रपंच. ही यादी सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यामुळे फारसं बिघडतही नाही. अर्थ इतके लांबचे की चुकीचा शब्द लगेच खटकतो.

खरा घोळ आहे तो 'गर्व' आणि 'अभिमान' यांचा. दोन्ही संस्कृतातून आलेले, दोन्ही एकाच भावनेच्या आसपासचे, त्यामुळे चूक कुणाला टोचतच नाही. 'मला माझ्या मुलीवर गर्व आहे' हे वाक्य जाहिरातींत, बातम्यांत, अभिनंदनाच्या संदेशांत सर्रास दिसतं. हिंदीतलं 'बेटी पर गर्व है' हे निखळ कौतुक असतं आणि तिथे 'अभिमानी' म्हणजे सहसा घमेंडखोर. मराठीत बरोबर उलट. इथे गर्व वाईटच. तो होतो, चढतो, मग कुणीतरी तो उतरवतं. गर्वाचं घर खाली, हे तर पोरासोरांनाही माहीत असतं. हनुमंताचं शेपूट भीमाला हलवता आलं नाही, ती गोष्ट गर्वहरणाची. तिला 'अभिमानहरण' कुणी म्हणत नाही. अभिमान वाटतो, अभिमान बाळगतात. क्रियापदं बघितली तरी दोघांचा स्वभाव कळतो.

यातही मला जास्त सलते ती अर्धवट दुरुस्ती: 'मुलीवर अभिमान आहे'. शब्द बदलला, पण 'पर'चा 'वर' तसाच राहिला. मराठीत अभिमान कुणावर नसतो, कुणाचा तरी असतो.

यावर कुणी संतवाणी पुढे करतं. तिथे देहाभिमान सोडायला सांगितलाय, आणि 'निरभिमानी' हा आजही कौतुकाचा शब्द आहे. अगदी खरं. अहंकाराचा जुना अर्थ अशा शब्दांत टिकून आहे. पण आजच्या बोलण्यात नुसत्या 'अभिमाना'ला वाईट ठरवायचं तर 'वृथा' किंवा 'दुर्' जोडावं लागतं. गर्वाला असं काही जोडायची गरजच पडत नाही.

हिंदी बोलताना मात्र 'मुझे आप पर गर्व है' असंच म्हणावं. तिथे आपला 'अभिमान' नेला, तर समोरच्याला कौतुक ऐकू येईलच असं नाही.