सर्पदंशाचे दोन आकडे: दवाखान्यातली नोंद आणि घरोघरची पाहणी

शेतातल्या दुखापती आणि आजारांचे आकडे मुख्यतः दोन वाटांनी येतात. एक वाट दवाखान्याच्या रजिस्टरमधून, दुसरी घरोघर फिरून केलेल्या पाहणीतून. बातमीत मात्र दोन्ही 'एकूण रुग्ण' या एकाच नावाने छापले जातात. दोन्हींतला फरक पाच-दहा टक्क्यांचा असता तर चाललंही असतं.

सर्पदंशाचंच बघा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने भारतात वर्षाला सुमारे 46 हजार माणसं साप चावून मरतात, असा अंदाज मांडला. रुग्णालयांकडून सरकारला कळवल्या जाणाऱ्या आकड्याच्या तो तीसपटीहून अधिक होता. यात कोणी काही लपवलं असंही नाही. पाहणीत सापडलेल्या मृतांपैकी जेमतेम 23 टक्के दवाखान्यात दगावले होते, आणि जो दारात आलाच नाही त्याला दवाखाना मोजणार कसा? पाहणीवाल्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. ठरवून निवडलेल्या घरांत जाऊन, माणूस जाण्याआधी काय काय घडलं ते घरच्यांकडून लिहून घेतलं. मग दोन डॉक्टरांनी ती हकिगत वेगवेगळी वाचून मृत्यूचं कारण ठरवलं.

म्हणून दवाखान्याची नोंद कुचकामी, असं मात्र नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं ते रुग्णाच्या उशाशी बसून. रक्तदाब किती, नाडी कशी, फुप्फुसात पाणी कधी झालं, हे घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला कुठून कळणार? उपचार कसा करावा हे दवाखान्याची नोंद सांगते. पण हजार शेतकऱ्यांमागे किती जणांना दंश होतो, हे ती सांगू शकत नाही. भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे आलेले रुग्ण, तिच्याकडे असतो; खालचा, म्हणजे एकूण शेतकरी किती, तो नसतो.

पाहणीचीही दुखणी आहेत. माणसं विसरतात. वर्षभराचं विचारलं तर हात तुटलेला आठवतो, खुरपं लागून बोटाला झालेली जखम आठवत नाही. नुसत्या गेल्या महिन्याचं विचारावं, तर तो महिना फवारणीचा होता की रिकामा, यावर उत्तर बदलतं. शिवाय "शेतात अपघात झाला का?" असा प्रश्न टाकला की उत्तर ठरलेलं: "नाही हो, तसं काही नाही." मग विचारावं लागतं: विळा लागला? बैलाने मारलं? मळणी यंत्रात बोट गेलं? फवारून आल्यावर मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली? आता उत्तरं येऊ लागतात. आणि ही उत्तरं फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाकडून घेतली, तर बाईच्या दुखापती तिथेच गळून जातात. माझ्या मते पाहणी बिघडते ती सगळ्यात जास्त इथेच.

आजारांच्या बाबतीत तर दोन्ही वाटांमधलं अंतर आणखी वाढतं. जखम दिसते, तिला तारीख असते. कंबरदुखीला तारीख नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये ऐरणीवर आला. या शस्त्रक्रिया दवाखान्यांतच झाल्या होत्या, म्हणजे कागद होते. पण प्रत्येक कागदावर एकच बाई, आणि ती ऊस तोडते हे त्या कागदांवरून कोणी जुळवलेलं नव्हतं. शासनाच्या समितीपुढे पाहणीतून 82,309 महिलांची माहिती आली, त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, तेव्हा कुठे चित्र उभं राहिलं. केसपेपरवरचा व्यवसायाचा रकाना नीट भरला, तर पुष्कळ गोष्टी पाहणीवाचूनही कळतील. तो रकाना फारसा कोणी मनावर घेत नाही.

या दोन्हींच्या बरोबरीने आणखी एक आकडा फिरत असतो, विमा-अनुदानाच्या दाव्यांचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख आणि एक अवयव किंवा एक डोळा गेला तर 1 लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणं, विषबाधा हे सगळं त्यात धरलं आहे. पण लाभ सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्याच्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही, त्या मजुराला साप चावला तर तो या हिशेबात येतच नाही. हळूहळू जडणारा आजारही येत नाही. तेव्हा मंजूर दावे घटले म्हणून शेतातले अपघात घटले, असं कोणी सांगू लागलं, तर किती अर्ज पंचनाम्याअभावी किंवा शवविच्छेदन अहवालाअभावी अडकले आहेत, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून यावं.