स्वमग्न विद्यार्थी आणि पदवीचे शिक्षण : पार्श्वभूमी

१९४३ साली बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला (ऑटिझम, म्हणजे इतरांशी संवाद साधणे आणि अचानक बदल सोसणे अवघड करणारी मेंदूची वेगळी जडणघडण) वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. त्या अकरांपैकी पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, १९५८ मध्ये मिसिसिपीतील मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच विषयात पदवीधर झाला आणि पुढे बँकेत नोकरीला लागला. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे कायदे होत असताना स्वमग्न मूल मोठे होऊन पदवीच्या वर्गात बसेल, ही शक्यता फारशी धरलीच गेली नव्हती.

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती आली, पण त्या कायद्याचा भर पालकत्वावर होता. आपल्या माघारी या लेकराचे कोण पाहणार, हा आईवडिलांचा प्रश्न खराच आहे आणि आजही कित्येक घरांची झोप उडवतो. तरीही त्या चौकटीत स्वमग्न व्यक्ती आजन्म सांभाळायचीच राहिली, शिकणारी झाली नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याला अनुसरून झालेल्या २०१६ च्या अधिनियमाने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या.

जागा मिळाली म्हणजे शिक्षण मिळालेच असे नाही, हे कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच सुमारास शिकायला येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवण्यासाठी जातीजातींची बोर्डिंगे उभी राहू लागली होती. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली येथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, तेव्हाही वसतिगृहाची गरज ओळखली गेली. मात्र व्हीलचेअरसाठी उतार हवा, हे डोळ्यांना दिसते. स्वमग्न विद्यार्थ्याला काय हवे, ते तसे दिसत नाही.

म्हणूनच असेल, महाविद्यालयांतली मदत आजही मुख्यतः परीक्षेपुरती आहे : लेखनिक, आणि दर तासाला किमान २० मिनिटे जादा. ती हवीच. पण चंदगड किंवा राधानगरीहून शहरात आलेल्या अशा मुलाची खरी कसोटी एरवीच्या दिवसांत लागते. प्रॅक्टिकलची बॅच ऐनवेळी बदलते आणि तशी चिठ्ठी फलकाच्या कोपऱ्यात लागते. मेसमध्ये ताटवाट्यांचा आवाज असह्य होऊन तो न जेवताच खोलीवर परततो. तोंडी परीक्षेत परीक्षक आपुलकीनेच विचारतात, "बोला, काय काय येतं?" तो प्रश्न शब्दशः घेतो, "बरंच येतं" एवढेच म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो आणि त्याचे गुण जातात. ओहमचा नियम सांगा, असे त्याला विचारले असते, तर त्याने तो आकृतीसकट मांडून दाखवला असता.