गवा नाही दिसला, सिंह दिसला

गेल्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन दाजीपूरला गेलो होतो. भाची, तिचा धाकटा भाऊ आणि गल्लीतली आणखी दोघं. राधानगरीचं हे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे घरातून निघतानाच गव्याचं वजन, शिंगं, सगळं पाठ झालेलं. प्रत्यक्षात लांब झाडीत एक काळी पाठ दिसली, आणि तीसुद्धा धाकट्याच्या मते खडकाची होती. गवे चरतात पहाटे आणि संध्याकाळी, उन्हं चढली की सावलीला जाऊन बसतात. आम्ही मिसळ खाऊन, निवांत, उशिरा पोचलेलो. चूक आमचीच.

पुढच्या रविवारी मी त्यांना कात्यायनीच्या डोंगरावर नेलं. अट एकच, आज मोठा प्राणी शोधायचा नाही.

पुढे आलेल्या एका खडकाखाली पाऊस कधी पोचत नाही. तिथली माती पिठासारखी. "इथं काहीतरी राहतं, बघा," म्हणालो. पाच मिनिटं झाली तरी कोणाला काही दिसेना. शेवटी एका खळग्याकडे बोट दाखवलं. सरळ ठेवलेल्या नरसाळ्यासारखा, जेमतेम दोन बोटं रुंद. आणि मग गंमत झाली. "मामा, हितं बी हाय! हितं बी!" दोन मिनिटांत तेवीस मोजून झाले. खळगे मघाशीही तिथंच होते.

याला शोधप्रतिमा म्हणतात. लूक टिनबर्गन हा डच शास्त्रज्ञ पाइनच्या जंगलात पक्षी कोणत्या अळ्या खातात ते पाहत होता. एखादी नवी अळी जंगलात आली की पक्षी सुरुवातीला तिच्याकडे फारसे वळत नसत, आणि मग एकदम सपाट्यानं तीच टिपायला लागत. त्याचं म्हणणं असं, की काय शोधायचं याचं चित्र पक्ष्याच्या डोक्यात आधी तयार व्हावं लागतं. त्याचं हे लिखाण 1960 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. पोरांना जंगलात 'काहीच दिसत नाही' याचं कारण बहुतेकदा हेच असतं. डोळे चांगले असतात, चित्र नसतं.

खळग्याच्या तळाशी बसलेला असतो एक सेंटिमीटरभर किडा, इंग्रजीत अँटलायन, म्हणजे मुंग्यांचा सिंह. ही खरं तर अळी. मागे मागे गोल सरकत, डोक्यानं माती उडवत ती खळगा खणते. ज्वारीचा ढीग ओतला की तो एका ठरावीक उताराला थांबतो, त्याहून उभा राहत नाही. खळग्याच्या भिंतीही जवळजवळ तेवढ्याच उभ्या असतात. मुंगीचा पाय पडला की माती निसटते, मुंगी खाली.

मुंगी मुद्दाम टाकायची का, यावर आमच्यात भांडण झालं. भाची 'नको' वर ठाम. मग गवताच्या काडीनं काठावरचे दोन कण खाली ढकलले. तळातून लगेच मातीचा फवारा उडाला. धाकटा दचकून मागंच सरला. खरी मुंगी पडायला पाऊण तास पोटावर पडून राहावं लागलं. ती वर चढू लागली तशी तिच्यावर माती बरसली, मग दोन वाकडे जबडे बाहेर आले आणि मुंगी मातीखाली ओढली गेली. हे जबडे पोकळ असतात. पाचक रस आत सोडायचा आणि आतलं पातळ झालेलं शोषून घ्यायचं. कवच बाहेर फेकलेलं आम्ही पाहिलं.

"मग ही शी कुठं करते?" धाकट्याचा प्रश्न. हसू नका, फार चांगला प्रश्न आहे. अळी असेपर्यंत ती विष्ठा बाहेर टाकतच नाही. सगळी पोटात साठवते आणि कोषातून पंख घेऊन बाहेर आल्यावर टाकते. पंखवाला किडा चतुरासारखा दिसतो, पण त्याच्या मिशा ठळक आणि टोकाला जाड असतात. रात्री ट्यूबलाइटवर येतो तो.

तेवढं एक सांगायचं राहिलं होतं: दगड उचलायचे तर काठीनं, आणि पलीकडची कड वर येईल, उघडी बाजू आपल्यापासून लांब राहील असे, कारण खाली विंचू असू शकतो. पाहून झालं की दगड जसा होता तसा ठेवायचा.

आठवड्यानं ताईचा फोन. गोठ्याच्या मागच्या वळचणीखाली भाचीला नऊ खळगे सापडलेत आणि आईंच्या हातातून खराटा काढून घेतलाय. आई चिडल्यात, पण तेवढा कोपरा सोडून झाडतात.