मागील चाकांची बेअरिंग व हब बदलणे (जुनी एसयूव्ही)

मोटारीचे चाक ज्या फिरत्या भागावर आवळलेले असते तो हब. या हबला एक्सलच्या नळीत किंवा नकलमध्ये (सस्पेन्शनला जोडलेल्या, चाक धरून ठेवणाऱ्या भागात) आधार देऊन कमीत कमी घर्षणाने फिरू देणारा भाग म्हणजे बेअरिंग. गाडीचे वजन, वळणावरचा आडवा रेटा आणि खड्ड्यांचे हादरे बेअरिंगमधल्या छऱ्यांना किंवा रोलरांना सोसावे लागतात. एसयूव्हीची उंची, जड चाके आणि चिखलपाण्यातली धाव यांमुळे हा भार आणखी वाढतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य साधारणपणे भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भार दुप्पट झाला तर आयुष्य जवळपास एक अष्टमांश उरते. चाके बाहेर काढणारे स्पेसर किंवा कमी ऑफसेटची, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला नेणारी, रिम बसवलेल्या गाड्यांत बेअरिंग लवकर जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

काम सुरू करण्याआधी मागच्या बाजूची रचना ओळखावी लागते, कारण तिच्यावरच पुढची सगळी पद्धत ठरते. सेमी-फ्लोटिंग प्रकारच्या अखंड एक्सलमध्ये बेअरिंग थेट एक्सल शाफ्टवर बसते आणि वजनही तोच शाफ्ट पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये हब स्पिंडलवरच्या (एक्सलच्या टोकाच्या पोकळ, न फिरणाऱ्या दांड्यावरच्या) दोन टेपर रोलर बेअरिंगवर फिरतो. शाफ्ट फक्त चाक फिरवतो. टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये मिळवले आणि अवजड कामासाठी तीच रचना आजही टिकून आहे. स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत बहुधा नकलमध्ये दाबून बसवलेले दुहेरी रांगेचे बेअरिंग असते, नाहीतर चार बोल्टांनी सुटणारा तयार हब-संच.

बिघाडाची पहिली खूण म्हणजे वेगाबरोबर वाढणारी घुमणारी घरघर. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. गिअर न्यूट्रल करून गाडी धावू दिली तरी तो कायम राहतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा. मात्र दुहेरी रांगेच्या बेअरिंगमध्ये हा नियम कधी कधी उलटतो, आणि गाडीच्या पोकळ सांगाड्यातून आवाज भलत्याच बाजूने ऐकू येतो. नुसत्या कानावर विसंबून चुकीची बाजू उघडली जाते ती यामुळेच. गाडी उचलून चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून स्पष्ट जाणवते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलेपणा लागला, तर झीज बरीच पुढे गेली आहे असे समजावे. अर्थात ढिलेपणा नाही म्हणून बेअरिंग चांगले, असे मात्र ठरत नाही.

मधला एक्सल नट असलेल्या गाडीत तो चाक जमिनीवर असतानाच सैल करतात. मग गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवतात. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक दाबणारा भाग) तारेने टांगतात. ब्रेकच्या होजवर त्याचे वजन येऊ देत नाहीत. डिस्कच्या आत हँडब्रेकचे शू असतील, तर डिस्क निघण्यासाठी ते आधी सैल करावे लागतात. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर गंजून अडकलेला असतो, तो घाईने उपसू नये. दाबून बसवलेला हब स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढणाऱ्या हत्याराने) ओढला की बेअरिंगची आतली रेस (छरे जिच्यावर फिरतात ती कडी) बहुतेक वेळा हबवरच राहते. एकदा असा ओढून काढलेला बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही.

जुन्या गाडीत हबही बदलावा की नाही, याचे उत्तर बेअरिंग बसते त्या हबच्या दांड्यावर असते. रेस तिथे घसरून फिरली असेल, तर दांडा घासून निळसर झालेला दिसतो. त्यावर नवे बेअरिंग पुरेसे घट्ट बसत नाही आणि थोड्याच काळात पुन्हा वाजू लागते. अडकलेली रेस ग्राइंडरने कापताना दांड्यावर खोल चरा पडला, तरी हब बादच धरावा.

नवे बेअरिंग बसवणे हा या कामाचा गाभा आहे. प्रेसचा दाब छऱ्यांतून कधीही जाता कामा नये. नकलमध्ये घालताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. नंतर हब आत घालताना आतल्या रेसला खालून आधार द्यायचा. हे चुकले की छऱ्यांचे ठसे रेसवर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या फेरीपासूनच आवाज करते. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगचा भरवसा धरता येत नाही, तो याच कारणाने. काही बेअरिंगच्या एका सीलमध्ये एबीएससाठी चुंबकीय कडे असते. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी आणि तिला लोखंडी कीस चिकटू देऊ नये.

सेमी-फ्लोटिंग एक्सलवर बेअरिंगला अडवून धरणारी रिंग दरवेळी नवीच घालतात. जुनी रिंग गॅसच्या ज्योतीने तापवून काढली तर शाफ्टचे पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरू शकते. ती चिरून छिन्नीने फोडणे बरे. तेलाचे सीलही सोबत बदलावे, नाहीतर डिफरन्शिअलचे तेल ब्रेकच्या शूवर झिरपते. टेपर बेअरिंगमध्ये नट हब फिरवत आवळून मग मॅन्युअलप्रमाणे थोडा मागे घेतात. दुहेरी रांगेच्या प्रकारात मात्र एक्सल नट सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पूर्ण आवळायचा असतो. आतल्या दोन्ही रेस त्याच दाबाने एकमेकींना टेकून राहतात, म्हणून तो घट्ट होईपर्यंत गाडी चाकावर ढकलूही नये.