हॅलर पार्क (बांबुरी, केनिया)

केनियातल्या मोंबासा शहराच्या उत्तरेला, मालिंदीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, एका सिमेंट कारखान्याच्या वापरून झालेल्या चुनखडीच्या खाणीत उभं केलेलं जंगल आणि प्राणी-उद्यान. हे सरकारी अभयारण्य नाही, खाजगी प्रकल्प आहे, कारखान्याच्याच खाणीवर झालेला. जुन्या खाणींवर झाडं लावायचे प्रयोग जगात भरपूर झालेत, पण इथे मातीच शिल्लक नव्हती आणि ती जागेवर हळूहळू तयार करून घेतली, हे या जागेचं खरं महत्त्व.

बांबुरी सिमेंटची स्थापना १९५१ ची, उत्पादन १९५४ पासून. कच्चा माल म्हणजे किनाऱ्यालगतचा प्राचीन प्रवाळ खडक, मेलेल्या पोवळ्यांचे थर दाबले जाऊन झालेला चुनखडक. खोदकाम भूजलाच्या जेमतेम वर येईपर्यंत चालायचं आणि ते पाणी मचूळ, त्यामुळे मागे उरायची ती पांढरी, उन्हात भाजून निघणारी खडकाची फरशी. रेने हॅलर हे स्विस बागायततज्ज्ञ १९५९ मध्ये कंपनीत आले, त्यांच्याकडे आधी बागेचं काम होतं, खाणीचं काम नंतर आलं. सुरुवातीचं साल कुठे १९७० तर कुठे १९७१ दिलेलं असतं, १९७१ जास्त रूढ आहे.

पहिल्या चाचणीत २६ जातींची झाडं लावली, त्यातल्या फक्त तीन जगल्या असं साधारण सगळीकडे सांगितलं जातं: नारळ, कोनोकार्पसची एक आफ्रिकन जात (ऐन आणि अर्जुनाच्या कुळातली), आणि सुरू. पुढचं काम मुख्यतः सुरूनेच केलं.

सुरू कोकणच्या वाचकाला नवीन नाही, आपल्या किनाऱ्यावरची बनं याच जातीची, कॅज्युरिना इक्विसेटिफोलिया. पण हे झाड पूर्व आफ्रिकेचं स्थानिक म्हणायचं का, यावर एकमत नाही. फळं पाण्यावर तरंगतात, म्हणून हिंदी महासागर ओलांडून ती आपसूक पोचली असावीत असा एक पक्ष, आणि माणसाने आणून लावलं असा दुसरा. मूळ प्रदेश आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम पॅसिफिक हे बहुतेकांना मान्य आहे, त्यामुळे केनियात ते आणलेलं असण्याचीच शक्यता जास्त वाटते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ते जळणासाठी आणलं हे मात्र स्पष्ट आहे. कारवारकडच्या पहिल्या लागवडीचं साल बहुधा १८६८ दिलेलं असतं, १६६८ असंही छापलेलं सापडतं, पण एकोणिसाव्या शतकातल्या जळणाच्या मागणीशी जुळतं ते १८६८ च, दुसरा आकडा छपाईची चूक असावी.

सुरू खडकावर तगतो कसा? मुळांवरच्या गाठींमध्ये फ्रँकिया नावाचे जीवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. शेंगवर्गीय पिकांत रायझोबियम जे करतं तसंच, फक्त जीवाणू वेगळे. शिवाय खारेपणा सोसतो.

पण झाडं वाढली तरी माती होईना. आपण ज्यांना सुरूची पानं म्हणतो त्या खरं तर बारीक हिरव्या फांद्या असतात, पानं म्हणजे त्यांच्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. या काड्या खाली पडून नुसता थरावर थर साचत राहिला, कारण त्यांच्यात टॅनिन (कुजणं लांबवणारं तुरट द्रव्य) भरपूर आणि त्या कुजवायला खडकावर सूक्ष्मजीवच नव्हते. उपाय सापडला तो त्याच किनाऱ्यावरच्या वाणीत (काही भागात पैसा म्हणतात तो किडा): काळं अंग, लालभडक पाय, आणि बोटाहून लांब. तो या काड्या खाताना दिसला, मग आसपासच्या भागातून गोळा करून खाणीत सोडला. वाणी काड्या चावून बारीक करतो, त्याच्या विष्ठेवर जीवाणू आणि बुरशी काम करू लागतात आणि त्यातून ह्यूमस (कुजलेल्या पाचोळ्याचा सुपीक काळा थर) तयार होतो. आपल्याकडे सोयाबीनची कोवळी रोपं खातो म्हणून शेतकरी ज्याला वैतागतात त्याच गटातला हा प्राणी, आणि बांबुरीच्या जंगलाचं श्रेय झाडांइतकंच त्याला द्यायला हवं असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. मातीचा थर आल्यावर सुरूची विरळणी करून तिथे स्थानिक झाडं लावत गेले.

तळी खोदली, तिलापिया मासे पाळले, मग जिराफ, इलँड आणि ऑरिक्स (दोन्ही आफ्रिकन कुरंग), पाणघोडे, मगरी आल्या. १९८० च्या दशकात जागा लोकांसाठी खुली झाली, आधीचं नाव बांबुरी क्वारी नेचर ट्रेल, हॅलर यांचं नाव नंतर दिलं. त्यांना १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ग्लोबल ५०० सन्मान मिळाला. जगभर नाव झालं ते मात्र ओवेन आणि म्झेमुळे: डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या सुमारास मालिंदीजवळ समुद्रात एकटं अडकलेलं पाणघोड्याचं पिल्लू, ओवेन, इथे आणलं आणि ते म्झे नावाच्या एका म्हाताऱ्या अल्डाब्रा कासवालाच चिकटून राहायला लागलं. कासवाचं वय १३० च्या आसपास सांगत, तो अंदाजच समजावा.

अल्डाब्रा कासव सेशेल्सकडचं, सुरू बहुधा बाहेरचा, त्यामुळे इथे मूळचं किनारी जंगल परत आलं असं म्हणणं बरोबर होणार नाही, नवीनच एक परिसंस्था बसवली असं म्हणावं. आपल्याकडच्या दगडखाणींना ही पद्धत जशीच्या तशी लागू होईल असंही नाही, कारण आपला खडक बेसॉल्ट आहे आणि खाणीही बहुधा उभ्या कड्यांच्या असतात, पण पाचोळा कुजवणारे जीव आधी बघा, झाडांची यादी नंतर करा, एवढा भाग तिथेही चालतो.